परत आलेला डबा

॥ श्री ॥
आष्टी, ११ ऑगस्ट

चि. नाथा यास अक्काचे अनेक आशीर्वाद. कुठल्या देवाच्या नावानं ते विचारू नकोस. थोरल्या बहिणीचे आहेत, मुकाट्यानं घे.

पत्र बघून तू म्हणशील, अक्कानं तर बोलायचं नाही अशी शपथ घेतलीय. शपथ काय होती ते नीट आठव. गेल्या दिवाळीत मी तुला फराळाचा डबा पाठवला. तू तो न उघडता परत पाठवलास, का तर आमच्याकडे आधी देवाला नैवेद्य दाखवतात आणि देवाला दाखवलेलं तुम्हा ख्रिस्ती लोकांना चालत नाही. शहादेवच्या टेम्पोतून डबा गेला आणि त्याच टेम्पोतून, बाजारच्या मेंढरांत बसून परत आला. शहादेवनं तो साऱ्या गल्लीसमोर माझ्या गिरणीच्या ओट्यावर ठेवला. दळण घेऊन आलेल्या बायका बघत होत्या. त्या संध्याकाळी मी देवीपुढं शपथ घेतली की नाथा त्या धर्मातून माघारी वळेपर्यंत त्याच्याशी बोलणार नाही आणि त्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. तरी गुरवाला विचारून घेतलं. तो म्हणाला, देवीला वाचता येतं का ते मला ठाऊक नाही, तुम्ही लिहा.

आता कामाचं. आपल्या उमापूरची विमलबाई, इथं आष्टीत दिलेली, माहेरी जाऊन आली आणि काल दळायला आली होती. ती सांगत होती की तुमच्या प्रार्थनेत माइक लावून तू माझं नाव घेतलंस. दीपमाला अंधारात आहे, तिला उजेडात आण, असं म्हणालास म्हणे. भाऊ, माझ्या घरात चार ट्यूबलाइट आहेत आणि गिरणीला थ्री-फेजचं कनेक्शन आहे. तुझ्याकडे लाइट किती तास असते ते मला माहीत आहे. अंधार कुणाच्या घरी, हे त्या माइकवाल्याला नीट विचारून घे.

आणि एक सांगते. तू नाताळात केक पाठवलास, तो काय तुमच्या प्रार्थनेशिवाय कापला होता? आम्ही सगळ्यांनी खाल्ला. ह्यांनी दोनदा खाल्ला. आमच्या देवांना काही झालं नाही, केकलाही नाही.

विमलबाई असंही म्हणाली की मायचे देव घराबाहेर काढायचं चाललंय. हे खोटं असेल तर विमलबाईचं दळण मी जाडंभरडं काढीन. खरं असेल तर कळव.

भावजय मोहिनीला आशीर्वाद, मायच्या पायांवर डोकं. राग आहे आणि लोभही आहे, दोन्ही सध्या एकाच डब्यात ठेवले आहेत.
तुझी अक्का, दीपमाला


उमापूर, १९ ऑगस्ट

ती. सौ. अक्काच्या सेवेशी, प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. शहादेवनं हातात देताना विचारलं, की पुढं डबाबिबा आहे का. मी नाही म्हटलं.

अक्का, माइक माझा नव्हता, संगतीचा, म्हणजे आमच्या प्रार्थनामंडळीचा होता. माझी तिथं फक्त ढोलकी आहे. आमच्यात ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी प्रार्थना करतात. तुझं नाव मी पहिलं घेतलं, त्यात माझा जीव बघ. आवाज वेशीपर्यंत गेला, ती माझी चूक नाही, भोंग्याचं तोंड तिकडं होतं.

तू मला वेडा समजतेस, पण त्या वर्षी माजलगावकडे ऊसतोडीला गेलतो तेव्हाचं तुला सांगितलंच नाही. मोहिनीला फडातच ताप भरला. टोळीतल्या कुणाला कोयता खाली ठेवायला सवड नव्हती, मुकादम तर तोंड फिरवून गेला. पास्टर सत्यम आणि दोन बाया, ओळख ना पाळख, तिला दवाखान्यात घेऊन गेले. ती बरी होईपर्यंत उशाशी बसले. पेज करून आणली. ख्रिस्ती व्हा असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. मीच मागनं त्यांच्या दारात गेलो. मला जे मिळालं ते माझ्या बहिणीला मिळावं, एवढंच मला वाटतं. यात राग यायचं काय कारण?

डब्याचं म्हणशील तर खरं सांगतो. झाकण लावलेलं होतं तरी अनारशाचा वास येत होता. मी डबा बाहेर ओसरीवर ठेवला आणि रात्रभर वास घेतला. सकाळी परत पाठवला, कारण नियम म्हणजे नियम.

विमलबाई खोटं बोलली नाही. पुढच्या महिन्यापासून संगती आमच्या घरी भरायची ठरलीय. पंचक्रोशीतले विश्वासी येतील. संगतीचे वडीलधारे बबनराव म्हणतात, ज्या घरात मूर्ती आहेत तिथं प्रभूभोजनाची भाकर मोडता येणार नाही. मोहिनीचंही तेच म्हणणं आहे. मी मायला सांगितलं तर ती म्हणाली, "माजे देव जिथं जातेत तिथं मी बी जाते." म्हणून तुला विनंती की देव आणि माय दोन्ही काही दिवस आष्टीला ने. देवांची आबाळ नको आणि मायचीही नको.

अजिनाथ दाजींना सलाम सांग. फोनवर ते हो आणि बरं याच्यापुढं जात नाहीत.

तुझ्या रागाखाली जी माया आहे तिला धरून राहिलेला,
नाथा


॥ श्री ॥
आष्टी, २८ ऑगस्ट

चि. नाथा यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात सलाम होता, सा. न. कुठं गेला? नमस्काराला पण नैवेद्य लागतो का रे? शिवाय विमलबाई सांगते की बबनराव तुला आता नथनेल म्हणतात. बापानं नवनाथांच्या पाया पडून ठेवलेलं नाव एवढ्यात जुनं झालं?

मोहिनीच्या तापाचं वाचून मात्र रडू आलं. हे तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? त्या दोघी बायांची नावं कळव. त्यांना मी साडी-चोळी करीन, कुठल्याही देवाच्या असोत. पण एक सांग नाथा, त्यांनी अनोळखी बाईला पेज पाजली आणि तू सख्ख्या बहिणीचा डबा परत धाडलास. त्यांच्याकडून तू नेमकं काय शिकलास?

आता देवांचं. माझ्या देव्हाऱ्यात माझ्या सासरचे देव बसलेत. माहेरचे देव लेकीच्या घरी नांदत नाहीत, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ते मुलाकडे राहतात. बापानं जाताना तुला मेंढरं दिली, रान दिलं आणि देव दिले. मेंढरं ठेवलीस. रान ठेवलंस. फक्त देवच कसे रे तुझ्या धर्माच्या आड आले?

आणि माय माझ्याकडे कशी राहील? ती लेकीच्या घरचं पाणी पितानाही पाहुणीसारखा अंदाज घेते. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात बसते. तिला तिचं घर, तिची शेरडं आणि तिचा तो हातभर देव्हारा पाहिजे. तुझ्या पुस्तकात बघून सांग, येशूनं कुणाच्या मायला घराबाहेर काढल्याचं कुठं लिहिलंय का? लिहिलं असेल तर मी येऊन घेऊन जाते.

तुमच्या संगतीला बसायला जागा कमी पडत असेल तर देव कोपऱ्यात आहेत, ते काही मध्ये येत नाहीत.

हे तुला नमस्कार सांगतात, हो आणि बरंही सांगतात. जसा आहेस तसा, पण जरा कमी माइकवर, आमचा राहा.
अक्का


उमापूर, १२ सप्टेंबर

ती. अक्का, सलाम.

घाईत लिहितो. परवा माय शेरडांच्या वाड्यात शेवाळावर पाय घसरून पडली. उजवा हात मनगटात मोडला. गेवराईला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले हाड जुळेल, वय आहे, वेळ लागेल. तू घाबरू नकोस.

घाबरायचं कारण दुसरंच आहे. माय जेवत नाही. तुला माहीत आहे, देवांना आंघोळ घातल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. आता डाव्या हातानं तिला तांब्यासुद्धा उचलता येत नाही. शेजारच्या कौशल्याबाईला बोलावलं तर माय म्हणाली, परक्या हातची आंघोळ घरच्या देवांना चालत नाही. मोहिनीला मी विचारलं. ती म्हणाली, माझ्या अंगावर काटा येतो, ज्यानं मला मरणातून उठवलं त्याला सोडून मी टाकांना हात लावणार नाही. तिला जबरदस्ती कशी करू? आणि मी तर संगतीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलंय की मूर्तीची सेवा माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

कालपासून माय नुसता काळा चहा घेते. दुधाचा नको म्हणते, दूध म्हणजे जेवण. भिंतीकडं तोंड करून पडलीय. भांडत नाही, हेच मला बघवत नाही.

अक्का, तू ये. लेकीच्या हातची आंघोळ चालेल असं तिनं स्वतः सांगितलंय. तुझी शपथ उंबऱ्याची आहे. आमच्या मागच्या दाराला उंबरा नाही, बाप असतानाच निघाला होता, तो आम्ही पुन्हा बसवलाच नाही. तिकडून ये. माझ्याशी बोलू नकोस, मी दिवसभर मेंढरांमागं रानात राहीन.

वाट बघतो. आत्ता एवढंच लिहवतं.
नाथा


॥ श्री ॥
आष्टी, १३ सप्टेंबर

चि. नाथा,

शहादेवला दारातच थांबवलंय, टेम्पो चालू आहे, मेंढरं ओरडतायत.

तुझं पत्र वाचून मी तशीच देवीकडं गेले. गुरवाला मागच्या दाराचं विचारलं. तो म्हणाला, बाई, घर एकच असतं, दारं किती का असेनात. मी परत आले आणि गिरणी बंद करून बसले. मला यायचंय नाथा. मायला तोंड फिरवून पडलेली मी डोळ्यांपुढं बघते आहे. पण देवीपुढं तोंडातून गेलेला शब्द मोडायला माझं मन धजत नाही. मला दोन लेकरं आहेत. भीती वाटते. तुला हसायचं तर हस.

माय उपाशी आहे आणि आपण दोघं आपापल्या देवाला घट्ट धरून बसलो आहोत. तू उमापुरात, मी आष्टीत. बाप असता तर दोघांनाही काठीनं बडवलं असतं.

मी तुला देवाला हात जोड म्हणत नाही. भंडारा लावू नकोस, दिवा लावू नकोस, ते माय डाव्या हातानं करील. नुसते धू. मेंढराच्या कोकराचं नाक पुसतोस, कुत्र्याच्या कानातली गोचीड काढतोस, तेव्हा तुझा धर्म बाटतो का?

पुढं काय लिहू ते सुचत नाही. शहादेव हॉर्न वाजवतोय.
तुझीच,
अक्का


उमापूर, १ ऑक्टोबर

ती. सौ. अक्काच्या सेवेशी, सलाम आणि सा. न. वि. वि. दोन्ही. कुठला आधी आणि कुठला नंतर, यावर भांडू नकोस.

माय जेवते. पहिल्यांदा तेच लिहितो.

तुझं पत्र आलं त्या सकाळी मी देव्हाऱ्यापुढं जाऊन बसलो. आधी मनात प्रभूशी बोललो, की हे असं असं आहे, तुला वाईट वाटलं तर मला सांग, मायला त्रास देऊ नकोस. मग परात घेतली आणि टाक खाली काढले. मायनं कूस बदलली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी पहिल्याच टाकावर पाणी ओतलं तेव्हा मात्र बोलली, की पाणी गार हाय. तेव्हापासून तिचं तोंड बंद नाही.

मी दंतमंजन आणि दातांचा जुना ब्रश घेऊन घासतो. इतके लख्ख ते बापाच्या काळीही नव्हते. खंडोबाच्या घोड्याला कान आहेत, हे मला आत्ता कळलं. माय म्हणते, हळू घास, देवाचं नाक झिजवशील. हात चालू असताना तोंडात आमचं भजन येतं, सवय झालीय. मायनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाली, गाणं बरं हाय, पण चाल लई रडकी हाय. आंघोळ झाली की मी बाजूला होतो. भंडारा आणि दिवा ती डाव्या हातानं करते, निम्मा भंडारा माझ्या डोक्यावर पडतो.

मोहिनीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चूल पेटवायची, जेवायला वाढायची, पण शब्द नाही. एका सकाळी उठलो तर परातीशेजारी कोमट पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. मी बघितलं तर ती म्हणाली, आत्याबाई रोज कुरकुरतात म्हणून ठेवलंय, दुसरं काही नाही.

आता व्हायचं तेच झालं. मी उकिडवा बसलोय, एका हातात खंडोबा, दुसऱ्यात ब्रश, तोंडात भजन, टाळूवर भंडारा, आणि दारात मोटारसायकल थांबली. पास्टर सत्यम. मला लपवायलाही सुचलं नाही. लपवणार तरी कुठं, खिशात? ते चपला न काढता तसेच उभे राहिले. मायनं त्यांना विचारलं, "दारात कावून हुबा ऱ्हायला बाबा? आत ये, च्या घे."

त्यांनी मला हळूच विचारलं की ही पूजा चाललीय का. अक्का, मला शास्त्र येत नाही. तोंडात आलं ते बोललो. "मी देवाला आंघोळ घालीत न्हाई पास्टर. मी मायला जेवू घालतोय."

ते बाजेवर बसले. मग मायच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाले की त्यांची आईही अशीच आहे, तिच्या घरी ते गेली कित्येक वर्षं जेवले नाहीत. मायनं त्यांना तिथल्या तिथं झापलं, की आईच्या घरी न जेवणाऱ्याला माझ्या घरचा चहा कशाला. तरी चहा पाजला. जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की संगतीत हे तुझ्या तोंडानं सांग, दुसऱ्याच्या तोंडून जायला नको.

मी रविवारी उभा राहून सांगितलं. बबनराव उठले आणि म्हणाले, तुझ्या घरात भाकर मोडायची नाही आणि मूर्तीला लागलेले हात ढोलकीला लागायचे नाहीत. आमच्याकडं भरायची ती संगती त्यांच्या घरी गेली. मी जातो, मागं बसतो. ढोलकी दुसराच कुणी वाजवतो, आणि अक्का, फार वाईट वाजवतो. मला ते लागलंय. हसण्यावारी लिहितोय, पण लागलंय. पास्टर परवा केळी घेऊन मायकडं आले होते. ढोलकीचं काही बोलले नाहीत. मीही काढलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे तू उगीच आशा धरणार नाहीस. मी माघारी वळलेलो नाही आणि वळणारही नाही. मोहिनीच्या उशाशी ज्याच्या नावानं ती माणसं बसली, त्याला मी सोडणार नाही. देव धुतो म्हणून मी पुन्हा तुमच्यातला झालो, असं गल्लीत सांगू नकोस. तुझी शपथ जशीच्या तशी उभी आहे. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो ती आता मनात करतो, माइक बबनरावांकडं गेला.

दिवाळी आली. गेल्या दिवाळीसारखी ओसरी यंदा नको.

दोन्ही हात धुऊन, तुझाच,
नाथा


॥ श्री ॥
आष्टी, १७ ऑक्टोबर

चि. नाथा यास अक्काचा सलाम. तू सा. न. लिहिलास म्हणून उलटा आहेर.

तुझं पत्र मी गिरणीत वाचलं, पट्टा चालू होता म्हणून माझं रडणं कुणाला ऐकू आलं नाही. ह्यांना मी वाचून दाखवलं. तुझ्या ढोलकीपाशी आल्यावर ते हो म्हणाले नाहीत आणि बरंही म्हणाले नाहीत. उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी देवीकडं गेले. गुरवाला काही विचारलं नाही, तो आता मला बघितलं की लपतोच. देवीलाच सांगितलं, की नाथा काही वळत नाही. तो त्याच्या देवाला धरून माझ्या मायचे देव घासतोय आणि त्यापायी त्याच्या लोकांनी त्याला मागं बसवलंय. मी मात्र तुझं नाव घेऊन घरात बसले, मायला पाणीसुद्धा पाजायला गेले नाही. म्हणून मी शपथ मोडते. पळवाट काढत नाही, मागच्या दारानं जात नाही, सरळ मोडते. काय शिक्षा करायची ती मला कर, लेकरांना नको. देवी काही बोलली नाही. गेल्या वर्षी मी शपथ घेतली तेव्हाही बोलली नव्हती.

तर भाऊबिजेला येते. पुढच्या दारानं. ओवाळायचं तुला चालत नसेल तर ओवाळणार नाही, ताटलीत दिवा मी माझ्यासाठी लावीन, तू नुसता समोर बस. बबनरावांकडंही जाणार आहे. भांडायला नाही, दळणाला जात्यापासूनचा इतिहास असतो तसा ढोलकीलाही असतो, एवढं सांगून येते. आपल्या बापाची ढोलकी आहे ती, जेजुरीला वाजलेली. तिला मूर्तीला लागलेले हात कधीचेच लागलेत.

काल अनारसे तळायला बसले. पहिला घाणा निघाला की तो आमच्याकडे देवापुढं जातो, हे तुला माहीत आहे. सासूबाईंनी मला नवी नवरी असताना पहिली हीच गोष्ट शिकवली आणि मी ती एकदाही चुकवली नाही. काल पहिला घाणा काढला आणि तुझ्या डब्यात भरला. तोच डबा, मेंढरांतून आलेला. हे दारात उभे होते. त्यांनी विचारलं, अगं, देवाच्या आधी? मी म्हटलं, देव घरातच आहे, त्याला दुसरा घाणा मिळेल. नाथाला पहिलाच लागतो, दुसरा तो खात नाही.

मग झाकण लावलं, देव्हाऱ्यापुढं गेले आणि देवाला म्हटलं, जरा दम धर.

मायला सांग पाणी कोमटच घे म्हणावं. मोहिनीला पोटाशी धरते. ही माया तुला कुठल्याही नियमात बसवता आली नाही तर ती ओसरीवर ठेव, पण या खेपेला परत पाठवू नकोस.

तुझी अक्का,
दीपमाला